आधारगटातील कथन आणि ‘जीवनाची गुणवत्ता’ : स्तनाच्या कर्करोगावरील काही लेखनाचा विचार

आजारपणावरील आत्मपर लेखनाचा विचार करताना समीक्षेने बहुधा एक लेखक, एक देह आणि एक संहिता अशी मांडणी गृहीत धरलेली असते. आजारी व्यक्ती आपला अनुभव लिहिते, वाचक तो वाचतो आणि समीक्षक त्या अनुभवाला लाभलेल्या रूपाची चिकित्सा करतो. स्तनाच्या कर्करोगाविषयी अमेरिकेत गेल्या अर्धशतकात जे लेखन झाले त्याच्या संदर्भात मात्र ही मांडणी अपुरी पडते. या लेखनाच्या मागे, शेजारी आणि काही वेळा त्याच्या विरोधात दुसरे एक कथन सतत चाललेले आढळते. ते लिहिले जात नाही, बोलले जाते. ते एकीचे नसते, आठदहा जणींचे असते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खोलीत ते घडते आणि त्या व्यवस्थेला ‘आधारगट’ असे नाव आहे.

आधारगटाने नेमके काय साधते, या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाने दोन परिमाणांत शोधले : आयुष्य किती लांबले, आणि ‘जीवनाची गुणवत्ता’ किती सुधारली. दोन्ही परिमाणे कथनाकडे औषध म्हणून पाहतात. औषधाला मात्रा असते, कालावधी असतो, परिणाम असतो. परिणाम नसेल तर ते औषध नव्हे. साहित्यविचाराला हा प्रश्न या पद्धतीने मांडता येत नाही. बोलणाऱ्या बाईने बोलावे की नाही हे तिच्या रक्तातील पेशींच्या संख्येवर ठरवायचे काय, असा प्रश्न येथे उभा राहतो, आणि तो केवळ वैद्यकाला विचारून भागत नाही. समीक्षेलाही तो स्वतःला विचारावा लागतो, कारण ‘लेखनाने मन मोकळे होते, बरे वाटते’ या भाबड्या उपयुक्ततावादाचा आधार समीक्षेनेही आजाराच्या लेखनाबाबत वारंवार घेतलेला आहे.

या प्रश्नाची एक बाजू सूझन सॉन्टॅगच्या ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ (१९७८) या निबंधात आहे. सॉन्टॅगला १९७५ मध्ये स्तनाचा कर्करोग झाला होता. निबंधात त्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. क्षयाची आणि कर्करोगाची रूपके, दडपलेल्या भावनांमुळे कर्करोग होतो हा समज, युद्धाची परिभाषा, या सर्वांची झडती ती घेते. पण ती स्वतः त्या संहितेत कोठेही नाही. पुढे ‘एड्स अँड इट्स मेटाफर्स’ (१९८९) मध्ये तिने याचे कारण दिले. कर्करोग झाल्याचे कसे कळले, रडू कसे आले, झुंज कशी दिली, धीर कसा आला, अशी आणखी एक प्रथमपुरुषी कथा सांगून कोणाचे भले होणार नाही, कथेपेक्षा विचार अधिक उपयोगी ठरेल, अशी तिची भूमिका होती. भूमिका प्रामाणिक आहे, आणि निबंधाची धार त्या मौनातूनच आलेली आहे. तथापि ‘उपयोगी’ हा निकष सॉन्टॅगनेही सोडलेला नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. कथन नाकारतानासुद्धा तिने ते उपयोगाच्या तराजूतच तोलले.

दुसरी बाजू ऑड्रे लॉर्डच्या ‘द कॅन्सर जर्नल्स’ (१९८०) या पुस्तकाची. सप्टेंबर १९७८ मध्ये लॉर्डचा उजवा स्तन काढण्यात आला. पुस्तक लहान आहे : एक प्रस्तावना आणि तीन प्रकरणे. त्यांपैकी पहिले प्रकरण म्हणजे शस्त्रक्रियेच्या आधी, डिसेंबर १९७७ मध्ये, मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या अधिवेशनात केलेले भाषण. मौनाचे भाषेत आणि भाषेचे कृतीत रूपांतर हा त्याचा विषय. म्हणजे आजाराचे निवेदन सुरू होण्यापूर्वीच बोलण्याचे तत्त्वज्ञान मांडून झालेले आहे. ही रचना अपघाताने आलेली नाही. त्यानंतरच्या प्रकरणांत दैनंदिनीतील नोंदी आणि विवेचक गद्य एकमेकांत मिसळतात. विवेचन स्थिरावू लागले की एखादी नोंद ते मोडते. वेदना, भीती, झोप न येणे, आणि पुन्हा युक्तिवाद, अशा लयीत हे गद्य चालते. एकसंध, चढत जाणारी कथा लॉर्डने हेतुतः टाळली आहे.

या पुस्तकातील एक प्रसंग प्रस्तुत विषयाच्या गाभ्याशी आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात तिला भेटायला ‘रीच टू रिकव्हरी’ या उपक्रमाची एक स्वयंसेविका येते. १९५२ मध्ये टेरीस लॅसर या स्त्रीने स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर हा उपक्रम सुरू केला, आणि १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तो आपल्या कक्षेत घेतला. स्वतः स्तन गमावलेल्या स्त्रीने नुकत्याच त्याच अनुभवातून जात असलेल्या स्त्रीला भेटावे, ही त्यामागची कल्पना साधी आणि त्या काळाच्या मानाने धाडसाचीही होती. शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल दिल्यानंतरच तपासणी आणि लगेच स्तन काढणे, अशी एकाच टप्प्याची पद्धत तेव्हा अमेरिकेत रूढ होती. शुद्धीवर आल्यावर आपले शरीर कसे असेल हे त्या स्त्रीला आधी ठाऊक नसे. रोझ कुशनर या पत्रकार स्त्रीने या पद्धतीविरुद्ध १९७५ च्या आपल्या पुस्तकातून आवाज उठवला, आणि १९७९ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञपरिषदेने तपासणी व शस्त्रक्रिया असे दोन टप्पे वेगळे ठेवावेत असे सुचविले. अशा परिस्थितीत ‘मी यातून गेले आहे’ असे म्हणणारी कोणी तरी खाटेशेजारी येऊन बसते, ही लहान गोष्ट नव्हती.

लॉर्डकडे आलेली स्वयंसेविका प्रेमळ आहे, उत्साही आहे. लॉर्डही तिचा उपहास करीत नाही. पण ती येताना मेंढीच्या लोकरीची, फिकट गुलाबी रंगाची, स्तनाच्या आकाराची गादी घेऊन येते. दिसण्यात काही फरक पडणार नाही, हा तिच्या बोलण्याचा गाभा. लॉर्ड ती गादी लावून पाहते. ती बसत नाही, आणि तिचा रंग लॉर्डच्या कातडीचा नाही. पुढे टाके काढायला डॉक्टरांकडे गेल्यावर परिचारिका तिला सांगते की तिने कृत्रिम स्तन न लावता येणे हे दवाखान्यातील इतर रुग्णांच्या मनोधैर्याच्या दृष्टीने बरे नाही. लॉर्डला येथे मोशे दायान आठवतो. डोळ्यावर काळी पट्टी बांधून तो जगासमोर उभा राहिला, तेव्हा काचेचा डोळा बसवून घ्या, लोकांचे मनोधैर्य खचते, असे त्याला कोणी म्हटले नाही.

हा प्रसंग सामान्यतः स्त्रीवादी देहविचाराचे उदाहरण म्हणून वाचला जातो, आणि ते वाचन योग्यच आहे. कथनाच्या अंगाने तो वाचला तर आणखी एक गोष्ट दिसते. स्वयंसेविका एक पूर्ण झालेली कथा घेऊन आलेली आहे. तिच्या कथेला आरंभ आहे, मध्य आहे आणि ‘आता सगळे पूर्ववत’ असा शेवट आहे. गुलाबी गादी म्हणजे त्या शेवटाची वस्तुरूप खूण. लॉर्डची कथा त्या वेळी सुरूही झालेली नाही. एकीचा शेवट दुसरीच्या आरंभावर लादला जातो तेव्हा आधाराचे रूपांतर शिस्तीत होते. ‘मनोधैर्य’ हा शब्द परिचारिकेच्या तोंडी येतो, तो याच शिस्तीचा शब्द आहे. कोणाचे मनोधैर्य? ज्यांना त्या बाईकडे पाहावे लागते त्यांचे.

आर्थर फ्रँक या समाजशास्त्रज्ञाने ‘द वूंडेड स्टोरीटेलर’ (१९९५) या ग्रंथात आजाराच्या कथनांचे तीन प्रकार सांगितले आहेत : पूर्वस्थितीला परतण्याचे कथन, विस्कटलेले कथन आणि शोधाचे कथन. पहिल्यात ‘काल बरी होते, आज आजारी आहे, उद्या पुन्हा बरी होईन’ हा सांगाडा असतो. दुसऱ्यात सांगाडाच उरत नाही. ‘आणि मग, आणि मग’ अशी घटनांची रांग लागते आणि ऐकणाऱ्याला ती सोसवत नाही. तिसऱ्यात आजार हा प्रवास ठरतो आणि निवेदक काही घेऊन परततो. स्वयंसेविकेचे कथन पहिल्या प्रकारात चपखल बसते. लॉर्डचे लेखन फ्रँक शोधाच्या कथनात, त्यातही जाहीरनाम्याच्या जातीत ठेवतो. वर्गीकरण उपयुक्त आहे. विद्यार्थ्यांना ते फार लवकर पाठ होते हाच त्यातला धोका. त्याची खरी मर्यादा मात्र वेगळी आहे. हे तीनही प्रकार एकट्या निवेदकाचे आहेत. समोर ऐकणारा आहे, पण तो फक्त ऐकतो. ऐकणारी बाई पुढच्या क्षणी सांगणारी होते, तिसरी मध्येच तोडते, चौथी आठवडाभर गप्प राहून पाचव्या बैठकीत एकच वाक्य बोलते, अशा कथनाला या वर्गीकरणात जागा नाही.

अशा कथनाचा सर्वांत गाजलेला वैद्यकीय अभ्यास स्टॅनफर्डमधील डेव्हिड स्पीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. १९७० च्या दशकात अर्विन यालोम या मानसोपचारतज्ज्ञाबरोबर तेथे शरीरात इतरत्र पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या स्त्रियांचे गट सुरू झाले. दर आठवड्याला दीड तास, वर्षभर. बरे होण्याची आशा त्या गटात केंद्रस्थानी नव्हती. मृत्यूविषयी उघडपणे बोलणे, भीतीला तपशील देणे, आणि त्या तपशिलांमुळे तिच्यातले विष थोडे उतरवणे, असा तेथील विचार होता. सोबतच्या स्त्रिया एकामागून एक जाताना पाहून बाकीच्या खचतील, अशी शंका त्या काळी स्वाभाविक होती. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तसे आढळले नाही. गटातील स्त्रियांची मनःस्थिती तुलनेने चांगली होती, आणि १९८३ च्या लेखानुसार त्यांच्या वेदनाही कमी होत्या.

यानंतर जे घडले ते कथनाच्या अभ्यासकाने बारकाईने पाहावे असे आहे. मन देहाचा कर्करोग बरा करते हा लोकप्रिय दावा खोडून काढता यावा म्हणून, असे स्पीगल यांनी स्वतः सांगितले आहे, त्यांनी त्याच ८६ स्त्रियांच्या आयुर्मानाची माहिती तपासली. ‘लॅन्सेट’मध्ये १९८९ साली ती प्रसिद्ध झाली. गटात आलेल्या ५० स्त्रिया अभ्यासात प्रवेश केल्यापासून सरासरी ३६.६ महिने जगल्या होत्या, आणि गटात नसलेल्या ३६ जणी १८.९ महिने. दहा वर्षांनंतर एकूण तिघीच हयात होत्या. खोडायला घेतलेला दावा उलट बळकट झाल्यासारखा दिसला, आणि बोलल्याने आयुष्य दुप्पट होते, ही वार्ता सर्वत्र पसरली.

तिचा आधार टिकला नाही. पामेला गुडविन यांच्या नेतृत्वाखाली कॅनडात झालेल्या, २३५ स्त्रियांच्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गटातील स्त्रियांचे आयुष्य १७.९ महिने आणि इतरांचे १७.६ महिने भरले. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड किसेन यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २००७ मध्ये असाच निघाला. त्याच वर्षी स्पीगल यांनी १२५ स्त्रियांबाबत आपलाच प्रयोग पुन्हा करून पाहिल्याचे निष्कर्ष छापले. एकूण आयुर्मानात लाभ दिसला नाही. स्वतःचा गाजलेला निष्कर्ष स्वतःच्याच हाताने असा तपासून प्रसिद्ध करणे ही विद्याव्यवहारातील दुर्मीळ गोष्ट आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांनीही तिचा हेवा करावा.

गुडविन यांच्या अभ्यासात दुसरेही काही होते. गटातील स्त्रियांची मनःस्थिती सुधारली होती, वेदना कमी जाणवत होत्या. आणि ज्या सुरुवातीलाच अधिक त्रासलेल्या होत्या त्यांना हा लाभ अधिक झाला होता. आयुष्य वाढत नाही, जगणे सुसह्य होते. हा निष्कर्ष अनेकांना निराशाजनक वाटला. तो तसा वाटावा हेच खरे तर चिंत्य आहे. १९८९ ते २००१ या बारा वर्षांत कथनाने आपली किंमत महिन्यांत चुकती करावी अशी सवय लागून गेली होती. शिवाय या सवयीची दुसरी कड धारदार आहे : बोलल्याने आयुष्य वाढत असेल, तर जी लवकर गेली ती नीट बोलली नसावी. सॉन्टॅगने १९७८ मध्ये ज्या समजावर हल्ला केला, तो दडपलेल्या भावनांचा सिद्धान्त, या वाटेने मागच्या दाराने परत आला होता. गटाच्या आयुर्मानविषयक दाव्याचे कोसळणे ही म्हणून कथनाची हार नव्हे. आजारी स्त्रीच्या बोलण्यावर ठेवलेले एक ओझे त्याने उतरले.

आधार सर्वांनाच पोषक ठरतो असेही नाही. व्हिकी हेल्गेसन आणि सहकाऱ्यांनी आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातील ३१२ स्त्रियांचा अभ्यास १९९९ मध्ये मांडला. त्यांत माहिती देणाऱ्या गटांचा लाभ झाला. केवळ आपापसांत बोलण्यासाठी जमलेल्या गटांचा तसा लाभ दिसला नाही, काही बाबतींत अपायच दिसला. पुढच्या वर्षीच्या विश्लेषणात हे चित्र अधिक स्पष्ट झाले. ज्यांना घरी जोडीदाराकडून किंवा डॉक्टरांकडून आधार मिळत नव्हता त्यांना आपापसांतल्या बोलण्याचा उपयोग झाला. ज्यांना तो आधीच मिळत होता त्यांना या बोलण्याने त्रास झाला. कथनमीमांसेच्या भाषेत सांगायचे तर गोष्टीचे मूल्य गोष्टीत साठवलेले नसते. ऐकणारीला काय उणे आहे यावर ते ठरते. ‘प्रभावी कथन’ असे निरपेक्ष विशेषण लावण्याची सवय समीक्षेला आहे, तिला हा शोध अडचणीचा आहे.

यालोमच्या ‘मॉमा अँड द मीनिंग ऑफ लाइफ’ (१९९९) या संग्रहातील ‘ट्रॅव्हल्स विथ पॉला’ ही स्मरणकथा या संदर्भात विशेष महत्त्वाची ठरते. वैद्यकीय नियतकालिकांत जो गट आकड्यांतून भेटतो त्याच्या जन्माची ही हकिकत. पॉला ही पसरलेल्या कर्करोगाची रुग्ण. गटाची कल्पना आणि तिचे चैतन्य बऱ्याच अंशी तिचे. गट वाढला, संशोधनासाठी अनुदान आले, त्याबरोबर प्रश्नावल्या आल्या, नवे मानसोपचारतज्ज्ञ आले, आणि पॉला दुरावत गेली. यालोम ही दुरावण्याची गोष्ट सांगतो तेव्हा आपल्या बाजूचे समर्थन त्याला पूर्णपणे टाळता आलेले नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात येते. पण पॉलाचा राग त्याने संहितेत राहू दिला आहे, ही त्या लेखनाची सचोटी. स्पीगल यांच्या तक्त्यात पॉला शोधून सापडणार नाही; आणि यालोमच्या हकिकतीत तक्ता बसत नाही. एकाच खोलीची ही दोन वर्णने एकमेकांना खोटे ठरवत नाहीत, तरी एकमेकांशी बोलतही नाहीत.

प्रश्नावलीकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण तीही एक संहिता आहे. युरोपातील कर्करोगसंशोधन संघटनेने १९९३ मध्ये तयार केलेल्या जीवनगुणवत्तेच्या प्रश्नावलीत तीस प्रश्न आहेत. बहुतेकांना चारच उत्तरे : मुळीच नाही, थोडेसे, बरेच, खूप. अखेरच्या दोन प्रश्नांत आपली एकंदर प्रकृती आणि एकंदर जीवनाची गुणवत्ता यांना एक ते सात यांमधला आकडा द्यायचा असतो. स्तनाच्या कर्करोगासाठी तिला तेवीस प्रश्नांची पुरवणी १९९६ मध्ये जोडली गेली. तीत देहाविषयीची जाणीव, लैंगिक जीवन, हाताची सूज, केस गळण्याचे दुःख आहे, आणि भविष्याविषयी एक प्रश्न आहे. या संहितेचा निवेदक ‘तुम्ही’ म्हणतो आणि स्वतः अदृश्य राहतो. तिचा काळ प्रामुख्याने गेला आठवडा. त्यामागे आठवणी नाहीत. तिच्यात दुसरी स्त्री नाही. कुटुंब आहे ते आजाराने त्यात व्यत्यय आणला काय, एवढ्यापुरते.

या संहितेची टिंगल करणे सोपे आहे, आणि ते अन्यायाचे होईल. केस गेल्याचे दुःख झाले काय, हा प्रश्न छापील स्वरूपात विचारला जाणे हीच एक घटना आहे. प्रश्नावली नव्हती तेव्हा यश मोजण्याचे एकच माप होते, बाई जिवंत आहे की नाही. मूलगामी शस्त्रक्रियेने छातीचे स्नायूही काढले जात, हात आयुष्यभर सुजत असे. पण त्या हाताला आकडेवारीत स्थान नव्हते. प्रश्नावलीने त्या हाताला स्थान दिले. तिच्याविषयीचा आक्षेप एवढाच असू शकतो की ‘बरेच’ आणि ‘खूप’ यांच्यामध्ये जे असते ते तिला ऐकू येत नाही, आणि आधारगटाचे सारे बोलणे तेथेच असते.

ही प्रश्नावली मराठीतही आलेली आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णस्त्रियांवर तिची हिंदी व मराठी रूपे तपासून पाहिली गेली आणि तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. भाषेच्या अभ्यासकाला येथे पुष्कळ काम आहे. ‘जीवनाची गुणवत्ता’ हा शब्दप्रयोग मराठीत शासकीय अहवालाचा वाटतो. सामान्य बाई ‘निभावतंय’, ‘दिवस ढकलतेय’, ‘आता बरं चाललंय’ असे म्हणते, आणि या तिन्हींत एक ते सात यांतले तीन वेगळे आकडे दडलेले असतात. स्तन हा शब्दही बोलण्यात येत नाही. मूल अंगावर पितं; दूध अंगावरचं असतं. ज्या भाषेत एका अवयवाचे नाव अख्ख्या देहाचेच नाव होते, तिथे तो अवयव काढल्यावर देहाविषयी विचारलेला प्रश्न कोणत्या शब्दांत पोचत असेल, हे केवळ भाषांतराच्या अचूकतेचे प्रकरण नाही. जात्यावर बसून दोघी जणी दुःख ओवीत सांगत, त्याला आधारगटाचे देशी रूप म्हणण्याचा मोह येथे होऊ शकेल. तो आवरलेला बरा. ओवीचे कथन परंपरेने घडवलेल्या साच्यात आधार शोधते. आधारगटात साचा नसणे हीच पहिली अडचण असते.

साचा मात्र फार लवकर तयार झाला. बार्बरा एरेनराइक हिने ‘हार्पर्स’ मासिकात २००१ मध्ये लिहिलेल्या ‘वेलकम टू कॅन्सरलँड’ या निबंधात त्याचे निर्दय वर्णन केले आहे. एरेनराइक मुळात पेशीजीवशास्त्राची अभ्यासक. स्वतःच्या निदानानंतर तिला भेटले ते गुलाबी फितींचे, खेळण्यातल्या अस्वलांचे आणि सक्तीच्या आनंदाचे विश्व. १९९२ मध्ये प्रचारात आलेल्या गुलाबी फितीने दहा वर्षांत बाजारपेठ व्यापली होती. या विश्वात ‘तगलेली’ हे बिरुद आहे, पण जी मेली तिच्यासाठी शब्द नाही. कर्करोगाने आपल्याला चांगले माणूस केले असे म्हणणे येथे शिष्टाचार ठरते आणि राग हा रोगाचे लक्षण. लॉर्डकडे आलेली लोकरीची गुलाबी गादी वीस वर्षांत उद्योग झाली, असे म्हणता येईल. एरेनराइकच्या निबंधाचा सूर उपरोधाचा आहे, आणि त्यामुळे एक गोष्ट तिच्या नजरेतून निसटते. घोषणांचे विश्व आणि बंद खोलीत जमलेल्या आठ जणींचे बोलणे यांना ती सहजी एकाच मापाने मोजते. स्टॅनफर्डच्या त्या खोलीत आनंदाची सक्ती नव्हती. तेथे राग होता, अंत्यविधीची बोलणी होती. आधारगट ही संकल्पना एक नाही. बऱ्या होऊ शकणाऱ्या स्त्रियांचा गट आणि बऱ्या न होणाऱ्या स्त्रियांचा गट यांचे व्याकरणच भिन्न असते. आणि पहिल्या गटात दुसऱ्यातील एखादी येऊन बसली, तर तिच्या नुसत्या असण्याने सगळ्यांची कथा मोडते. तिला कोणी जा म्हणत नाही, तिच्यासाठी खुर्चीही असते. फक्त तिचे बोलणे संपल्यावर विषय बदलतो.

अ‍ॅन बॉयरच्या ‘द अनडाइंग’ (२०१९) या पुस्तकात परिस्थिती पुन्हा पालटलेली दिसते. २०१४ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, तिला या आजाराचे निदान झाले. सॉन्टॅग, लॉर्ड, फॅनी बर्नी अशा पूर्वसूरींना तिने आपल्या संहितेत बोलावून घेतले आहे. १८११ मध्ये भूल न देता झालेल्या शस्त्रक्रियेचे बर्नीचे पत्र, आणि दोन्ही स्तन काढून त्याच दिवशी घरी पाठवणारी बॉयरच्या काळची आरोग्यव्यवस्था, ही दोन टोके तिच्या लेखनात समोरासमोर येतात. लॉर्डला मौनाशी झगडायचे होते, आपल्याला गोंगाटाशी, असा तिचा युक्तिवाद आहे. तो बिनतोड आहे. पण याहून लक्षणीय आहे ती तिची पूर्वसूरींना बोलावण्याची रीत. मेलेल्या लेखिकांचा एक गट तिने पुस्तकात भरवला आहे, आणि तेथे कोणी कोणाचे मनोधैर्य राखत नाही.

लॉर्डकडे परत आले की एका सर्वनामापाशी अडावे लागते. तिच्या गद्यात ‘मी’ फार नेटाचा आहे, तरी निर्णायक वाक्ये पुष्कळदा अनेकवचनी प्रथमपुरुषात येतात. इंग्रजीत त्यासाठी एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत, आणि त्यांतला भेद शोभेचा नाही. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. लॉर्ड कृष्णवर्णीय समलिंगी स्त्री म्हणून बोलते तेव्हा ते ‘आम्ही’ असते. एका स्तनाच्या स्त्रियांची फौज काँग्रेसवर चालून जाऊन गुरांच्या खाद्यातील संप्रेरकांवर बंदी मागते असे चित्र ती रेखाटते, तेव्हा तोच शब्द ‘आपण’ होतो, आणि ज्या वाचक स्त्रीला हा रोग अजून झालेला नाही तीही त्यात ओढली जाते. मराठी अनुवादकाला प्रत्येक ठिकाणी निवड करावी लागेल, आणि प्रत्येक निवड म्हणजे खोलीचे दार कोणासाठी उघडे ठेवायचे याचा निर्णय असेल. स्वयंसेविका ‘आपण’ म्हणत आली होती. परिचारिका म्हणाली ते ‘आम्ही’ होते.

गटातील कथनाचा निवेदक हाच अनेकवचनी निवेदक असतो, आणि त्याचे एक वैशिष्ट्य कादंबरीत सहसा आढळत नाही. येथे निवेदकाचा एकेक अंश मरत जातो आणि निवेदन थांबत नाही. १९८९ च्या तक्त्यात दहा वर्षांनंतर तीन नावे उरली. पण त्या दहा वर्षांत दर आठवड्याच्या खोलीत जी ‘आपण’ म्हणत राहिली, तिच्या तोंडी आदल्या आठवड्यापर्यंत शेजारी बसलेल्या बाईची वाक्ये होती. एका एका स्त्रीचे आयुर्मान मोजणाऱ्या तक्त्याला ती वाक्ये कोणाच्या नावावर टाकायची हे ठरवता येत नाही, आणि एका लेखकाचे पुस्तक वाचणाऱ्या समीक्षेलाही अद्याप ते नीटसे जमलेले नाही. लॉर्डच्या यकृतात कर्करोग पसरल्याचे १९८४ मध्ये कळले. १९८८ च्या ‘अ बर्स्ट ऑफ लाइट’मधील नोंदी त्या काळातल्या आहेत. त्यांत ती इतर स्त्रियांच्या कामाचे, सभांचे, प्रवासांचे तपशील इतक्या अगत्याने लिहिते की आजाराची दैनंदिनी वाचतो आहोत याचा मधूनच विसर पडतो. १९९२ मध्ये ती वारली.